इकॉनॉमिक्स केलंस, म्हणजे बँकेतच ना?

‘कुठली साइड?’
‘आर्ट्स. इकॉनॉमिक्स.’
‘अच्छा! म्हणजे बँकेत जाणार.’

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, सिटीलिंकच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या काकांबरोबर, हा संवाद तुमचा कितीदा झालाय? काका जरा उत्साही असतील तर बँकेच्या जागी ‘कलेक्टर’ येतं. तुम्ही हसून मान डोलावता, कारण दुसरं उत्तर तयार नसतं.

तयार नसतं, कारण ते कुणी दिलेलंच नसतं. सिव्हिल इंजिनिअरिंग केलेला सिव्हिल इंजिनिअर होतो, नर्सिंग केलेली नर्स होते, डीफार्म केलेला मेडिकल टाकतो. इकॉनॉमिक्स केलेला काय होतो? ‘अर्थतज्ज्ञ’ हा शब्द आपण ऐकतो तो बजेटच्या दिवशी टीव्हीवर. ‘अर्थतज्ज्ञ पाहिजे, पगार समक्ष भेटीत’ अशी पाटी नाशिकमध्ये कुणी पाहिली असेल, तर मला नक्की कळवा. या पदवीवर नोकरीचं नाव छापलेलं नसतं. ते आपणच लिहायचं असतं आणि तिथेच गाडं अडतं.

आता बँकेचंच घ्या. आयबीपीएसची पीओ किंवा क्लार्कची परीक्षा द्यायला कुठल्याही शाखेची पदवी चालते. इकॉनॉमिक्सवाल्याला तिथे एक मार्कही जास्त मिळत नाही. बॉटनीवाली मुलगी तुमच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर बसून तोच पेपर देते, आणि तिचं रीझनिंग चांगलं असेल तर ती पुढे जाते. बँकेची नोकरी वाईट नाही, अजिबात नाही. पण तीन वर्षं मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न आणि केन्स शिकून आपण अशा रांगेत उभे राहतोय, जिथे त्यातलं फारसं कुणी विचारणार नाही, हे रांगेत उभं राहण्याआधी माहीत असलेलं बरं.

(गंमत बघा. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातायत. रिझर्व्ह बँक स्थापन झाली १९३५ साली. देशाची मध्यवर्ती बँक जन्मायच्या आधीपासून आपलं शहर पैसे छापतंय, आणि ‘इकॉनॉमिक्स स्कोरिंग नाही गं, दुसरं काहीतरी घे’ हा सल्लाही याच शहरात मिळतो!)

निफाडचा न्यायाधीश

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ सालचा, निफाडचा. हो, आपलंच निफाड. शाळेत आपण त्यांना समाजसुधारक म्हणून पाठ केलं आणि पुढच्या धड्याकडे वळलो. पण इंग्लंडमध्ये लिहिलेले अर्थशास्त्राचे सिद्धान्त भारताला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, इथली शेती, इथले उद्योग, इथली गरिबी बघून वेगळा विचार करावा लागेल, हे त्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात मांडलं होतं. तेव्हा त्यांची नोकरी काय होती? न्यायखात्यातली. पुढच्याच वर्षी ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले.

रानडे गेले १९०१ साली. त्याच वर्षी नाशिकमध्ये धनंजयराव गाडगीळांचा जन्म झाला. हे नाव कदाचित तुम्ही एमपीएससीच्या गाइडमध्ये ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून वाचलं असेल. केंद्राची मदत राज्यांमध्ये कशी वाटायची, त्याचं ते सूत्र. पण त्याच्या बऱ्याच आधी, १९३० साली, पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली तेव्हा ते तिचे पहिले संचालक होते. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक कशावर होता माहितीय? पुण्याच्या फळबाजारावर. फळं येतात कुठून, मध्ये किती हात लागतात, शेतकऱ्याच्या हातात काय उरतं, यावर. नंतर विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचे अध्यक्षपदही गाडगीळांनी सांभाळलं. केंब्रिजहून शिकून आलेला माणूस उसाच्या हिशोबात बसला.

आणि तिसरं नाव तर आपण रोज घेतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. त्याचं नेतृत्व करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याआधी कोलंबियात आणि लंडनला अर्थशास्त्रच केलं होतं. १९२३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डीएस्सी मिळवून देणारा त्यांचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. उपजीविकेसाठी मात्र त्यांनी वकिली केली, कॉलेजात शिकवलं.

हे सगळं सांगतेय ते ‘तुम्हीही असेच व्हा’ म्हणून नाही. एवढी मोठी नावं घेऊन कुणाला घाबरवायचंही नाहीये. फक्त एक गोष्ट बघा: तिघांनीही अर्थशास्त्राला शेजारी काहीतरी दिलं. कायदा दिला, सहकार दिला, सामाजिक लढा दिला. इकॉनॉमिक्स एकटं फारसं विकलं जात नाही. जोडीला काय घ्यायचं, हा तुमच्या करिअरचा खरा प्रश्न आहे, आणि तो टीवायच्या निकालानंतर सोडवायला घेतला तर उशीर झालेला असतो.

वर्ग भरतो लासलगावात

जोड कशी शोधायची? मला विचाराल तर पुस्तक मिटून लासलगावला जा. जाता येत नसेल तर मोबाइलवर भाव बघा.

गेल्या तीन वर्षांत कांद्याचं काय झालं, ते नुसतं तारखांनी आठवा. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यात मूल्य आलं, टनाला ८०० डॉलर. ८ डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. तेही १ एप्रिल २०२५ ला गेलं. वीस महिन्यांत एका पिकाचे नियम इतक्यांदा बदलले.

आता एफवायच्या नोट्स काढा. ‘मागणीची लवचिकता’ नावाचं प्रकरण आहे ना, ज्याची व्याख्या आपण परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो? कांदा महागला म्हणून आई भाजीत कांदा घालायचं सोडत नाही, फार तर चारऐवजी तीन घालते. स्वस्त झाला म्हणून आठही घालत नाही. त्यामुळे बाजारात माल थोडा कमी पडला की भाव एकदम उसळतो, थोडा जास्त आला की एकदम कोसळतो. त्यात उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो आणि चाळीत ठेवून पुढे दिवाळीपर्यंत पुरवायचा असतो. चाळीत तो सडतो, कोंब फुटतात, वजन घटतं. शेतकरी आज विकू की थांबू, हा जो हिशोब करतो, तो अर्थशास्त्राचा पेपर आहे. फक्त त्यात नापास झालं तर एटीकेटी नसते.

आणि या एका कांद्याभोवती किती खुर्च्या आहेत ते बघा. निर्यातदाराच्या ऑफिसात कुणीतरी बसलंय, जे आवक, दुबईतला दर आणि डॉलर यांचा अंदाज बांधतं. बँकेत किंवा पतसंस्थेत कुणीतरी ठरवतंय, की भाव पडलेल्या वर्षी या शेतकऱ्याचं कर्ज फिटेल का. शेतकरी उत्पादक कंपनीत कुणीतरी कोल्ड स्टोरेजचा खर्च परवडतो का हे मांडतंय. द्राक्षात काय होऊ शकतं हे बघायचं असेल तर दिंडोरी तालुक्यातलं मोहाडीचं सह्याद्री फार्म्स आपल्या उंबऱ्यावर आहे. दिल्लीत एखादा अधिकारी टिपण लिहितोय, की शुल्क लावलं तर शहरातल्या ग्राहकाला किती फायदा आणि नाशिकच्या शेतकऱ्याला किती फटका. आणि एखादा बातमीदार या सगळ्यांना फोन लावून उद्याची बातमी करतोय. (ही शेवटची खुर्ची मला हवी आहे. मास कॉम करताना इकॉनॉमिक्सच्या पुस्तकांवर मी बऱ्याच संध्याकाळी घालवल्या त्या याचसाठी.)

विषय एकच, पण दिवस सगळ्यांचे वेगळे. एकाचा दिवस एक्सेलमध्ये जातो, एकाचा बांधावर, एकाचा फायलीत, एकाचा फोनवर. ‘मला अर्थशास्त्रात करिअर करायचंय’ यापेक्षा ‘मला यातला कुठला दिवस आवडेल’ हे विचारून बघा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरंच लवकर सापडतं.

माझी एक मैत्रीण निफाड तालुक्यातल्या गावाहून रोज एसटीने कॉलेजला यायची. घरी कांदाच. फील्ड प्रोजेक्टला सगळ्यांनी ‘ऑनलाइन शॉपिंग आणि तरुणाई’ घेतलं (गुगल फॉर्म, पन्नास मित्र, काम झालं!). तिने लासलगावचे वर्षभराचे भाव घेतले. कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात, फुकट. तिने ते एक्सेलमध्ये उतरवले, आलेख काढला आणि सरकारी निर्णयांच्या तारखांवर लाल रेघा मारल्या. शेजारी वडिलांनी कोणत्या दिवशी किती क्विंटल विकला, ते त्यांच्या वहीतून लिहिलं. नंतर एका मुलाखतीत तिला पदवीबद्दल जेमतेम दोन प्रश्न आले आणि त्या आलेखाबद्दल वीस मिनिटं.

तुमच्याकडे कांदा नसेल. पण सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधले कंत्राटी कामगार असतील, पंचवटीतली लॉजिंग असतील, येवल्याची पैठणी असेल, २०२७ चा सिंहस्थ तर सगळ्यांचाच आहे. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ उघडून बघा, आपल्या जिल्ह्याचे इतके आकडे एका जागी असतात हे बहुतेकांना माहीतच नसतं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. ते नुसतं सही-शिक्क्याचं काम म्हणून उरकायचं की आपल्या बायोडेटातली सर्वांत बोलकी ओळ करायची, हे आपल्या हातात असतं.

गणिताचं काय?

आता कडू विषय. अकरावीला आर्ट्स घेताना आपल्यापैकी अनेकांच्या मनात एकच आनंद असतो: सुटलो गणितातून! मग मराठी माध्यमातून, आलेख शब्दांत समजावून सांगणाऱ्या पुस्तकांवर बीए होतं. मार्कही बरे पडतात. सर म्हणतात, एमए कर, चांगल्या ठिकाणी कर. तुम्ही चांगल्या ठिकाणांची नावं काढता: दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, पुण्याची गोखले संस्था, रिझर्व्ह बँकेने उभारलेली गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, आयआयटी. दिल्लीला सीयूईटी-पीजी लागते, आयआयटीला ‘जॅम’मधला अर्थशास्त्राचा पेपर. जुन्या प्रश्नपत्रिका उघडता आणि समोर येतं डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रोबॅबिलिटी. आपण शिकलो तो विषय आणि हा पेपर एकाच नावाचे आहेत, यावर विश्वासच बसत नाही.

हे तुम्हाला टीवायच्या फेब्रुवारीत कळावं, अशी माझी इच्छा नाही. आज कळावं. कारण हे भरून काढता येतं, फक्त वेळ लागतो. अकरावी-बारावी कॉमर्सची गणित व संख्याशास्त्राची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये आहेत, मराठीतही आहेत. तिथून सुरुवात करा, लाजू नका. मग स्वयमवर अर्थशास्त्रासाठी लागणाऱ्या गणिताचे आणि संख्याशास्त्राचे कोर्स शोधा; शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असतं. रोज एक तास धरला तर दोन सेमिस्टरमध्ये भीती जाते. प्रेम बसेलच असं नाही, पण भीती जाते.

आणि मायनर निवडताना जरा थांबा. ‘मैत्रिणीने घेतलं म्हणून’ हे कारण बाजूला ठेवून कॉलेजला विचारा, संख्याशास्त्र किंवा गणित मायनर म्हणून, ओपन इलेक्टिव्ह म्हणून, कसंही मिळतंय का? प्रत्येक कॉलेजात मिळत नाही, हे खरंय. पण विचारल्याशिवाय ‘नाही’ समजून बसू नका. एसएससी सीजीएलमधल्या ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसरच्या पदाचंच उदाहरण घ्या: बारावीला गणितात ६० टक्के, नाहीतर पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय, यातलं काहीतरी लागतं. बाकी सगळं येत असूनही केवळ या अटीवर बाहेर राहणारे असतात.

गणित नकोच असेल तर? तर तसं स्पष्ट ठरवा. तीन वर्षांची एलएलबी करून सहकार, कर, जमीन यांच्या कायद्यात जाता येतं. अर्थशास्त्र येणारा वकील सहकारी संस्थांनी भरलेल्या आपल्या जिल्ह्यात रिकामा बसणार नाही असं मला वाटतं. पत्रकारिता आहे. ग्रामविकास, समाजकार्य आहे. गणित न घेणं हा गुन्हा नाही. पण गणित न घेता दिल्ली स्कूलची स्वप्नं बघत तीन वर्षं काढणं महागात पडतं.

मोठ्या परीक्षा आणि अभ्यासिकेतली वर्षं

आता अशा परीक्षा, जिथे तुमच्या विषयाला खरंच किंमत आहे.

भारतीय आर्थिक सेवा, म्हणजे आयईएस. यूपीएससी घेते. यासाठी अर्थशास्त्रातली (किंवा उपयोजित अर्थशास्त्र, बिझनेस इकॉनॉमिक्स, इकॉनोमेट्रिक्समधली) पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत. लेखी परीक्षा १००० मार्कांची, त्यातले ८०० अर्थशास्त्राचे, शिवाय २०० ची मुलाखत. इथे बॉटनीवाली तुमच्या शेजारी नसेल! पण जागा अगदी थोड्या, वर्षाला साधारण डझन-दोन डझन, आणि उत्तरं इंग्रजीतच लिहावी लागतात. मराठी माध्यमवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचा. यूपीएससीची नागरी सेवा मुख्य परीक्षा मराठीत देता येते, तिथे अर्थशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून २५०-२५० च्या दोन पेपरना घेता येतं. आयईएसला ही सोय नाही.

रिझर्व्ह बँकेत ग्रेड बी अधिकाऱ्याच्या दोन वाटा. सर्वसाधारण पदाला कुठलीही पदवी ६० टक्क्यांनी चालते, पण दुसऱ्या टप्प्यात आर्थिक व सामाजिक प्रश्नांचा अख्खा पेपर असतो, तिथे तुमचा अभ्यास कामी येतो. दुसरी वाट आर्थिक व धोरण संशोधन विभागाची. तिला अर्थशास्त्रातली किंवा त्याच्याशी संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. नाबार्डची ग्रेड ए परीक्षाही बघून ठेवा. शेती, ग्रामीण विकास, सहकार हे त्यांचं काम. निफाड, सिन्नर, कळवणच्या मुलांना यातलं निम्मं घरी बसून माहीत असतं, फक्त ते पेपरात लिहायची सवय नसते.

ही झाली माहिती, ती कुठल्याही क्लासच्या पत्रकात मिळेल. पत्रकात नसतं ते पुढचं.

तुमच्या ओळखीत एक दादा असेलच. कॉलेज रोडकडच्या कुठल्या तरी अभ्यासिकेत त्याची खुर्ची ठरलेली आहे. सकाळी सातला येतो, डबा तिथेच खातो. पहिल्या प्रयत्नात प्रिलिम दोन मार्कांनी गेली, दुसऱ्यात मेन्सपर्यंत गेला, मग पॅटर्न बदलला, मग जाहिरातच लांबली. वय सत्तावीस-अठ्ठावीस. आई नातेवाइकांना ‘तयारी चालू आहे’ सांगते. धाकटी बहीण असेल तर तिला हे सुखही नाही. तिला दोन वर्षं मिळतात, फार तर तीन, आणि मग स्थळं यायला लागतात. अभ्यासिकेचे महिन्याचे पैसे, टेस्ट सिरीज, खोलीचं भाडं हे सगळं कुठून येतं ते त्या घरालाच माहीत.

त्याच्या मेहनतीबद्दल मला शंका नाही. खरं तर आदर आहे. पण यूपीएससीच्या नागरी सेवेला अर्ज लाखोंनी येतात आणि जागा असतात हजाराच्या आसपास. शंभरातल्या नव्याण्णव जणांसाठी ही परीक्षा ‘नापास झालो तर काय’ या प्रश्नासकट यायला हवी, आणि हा प्रश्न विचारला की घरात ‘नकारात्मक बोलू नको’ असं ऐकायला मिळतं. तुम्ही विचारा. सुरू करतानाच विचारा. किती प्रयत्न, किती पैसे, कोणत्या महिन्यापर्यंत, हे आई-वडिलांसमोर बसून कागदावर लिहा. आणि त्या काळात एमए सोडू नका, अर्धवेळ काम सोडू नका, एखादं असं कौशल्य सोडू नका ज्याला निकालाची वाट बघावी लागत नाही. इकॉनॉमिक्सवाल्यांना यात एक फायदा आहे, तो वापरा: रिझर्व्ह बँक, नाबार्ड, आयईएस, वैकल्पिक विषय, नेट-सेट, या सगळ्यांचा अभ्यास बऱ्याच अंशी एकाच शेतातला आहे. एक पीक गेलं तर दुसरं हाती लागू शकतं, पण त्यासाठी शेत तेच ठेवायला हवं. आज चालू घडामोडी, उद्या पोलीस भरती, परवा तलाठी असं करत गेलात तर तो फायदा संपतो.

नेट-सेटचं नाव निघालंच आहे तर प्राध्यापकीबद्दल दोन ओळी. शिकवायची मनापासून आवड असेल तरच. तासिका तत्त्वावर शिकवणारे तुमचेच सर किंवा मॅडम असतील, त्यांना कँटीनमध्ये चहा पाजा आणि विचारा की कायम जागेची वाट किती वर्षं बघताय. त्यांचं उत्तर ऐकूनही इच्छा टिकली, तर खुशाल या वाटेने जा.

टॅबलेट घेऊन गावात

ज्या कामांबद्दल पंगतीतले काका कधीच बोलत नाहीत, ती इथे. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं, ते गरिबीवरचे उपाय प्रत्यक्ष गावांत, शाळांत, दवाखान्यांत तपासून बघण्याच्या पद्धतीसाठी. या पद्धतीला माणसं लागतात. घरोघर जाऊन, टॅबलेटवर, ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारणारी, आलेली माहिती तपासणारी, चुका पकडणारी. संशोधन संस्था, सामाजिक संस्था, सर्वेक्षण कंपन्या अशी भरती करतात. सुरुवातीचं काम बरेचदा कंत्राटी, पगार बेताचा, धूळ भरपूर. पण पेठ-सुरगाण्यात माणसाशी त्याच्या भाषेत बोलता येणं हे इथे भांडवल आहे, आणि ते मुंबई-दिल्लीच्या कॉलेजातल्या मुलाकडे नसतं.

ही पायरी चढून वर जायचं असेल तर दोन गोष्टी लागतात. एक, आकडेवारी हाताळणारं सॉफ्टवेअर. एक्सेल तर नीट यायलाच हवं, ‘येतं’ म्हणण्याइतकं नाही, खरंच यायला हवं. पिव्होट टेबल करता येत नसेल तर एक्सेल येत नाही असं समजा. त्यापुढे ‘आर’ शिका, ते फुकट आहे. दोन, इंग्रजीत एक पान सरळ, समजेल असं लिहिणं. भारी इंग्रजी नको. आकड्यातून काय दिसतंय ते पाच वाक्यांत सांगता आलं पाहिजे. हे दोन्ही येणारी व्यक्ती कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीत चालते, मार्केट रिसर्चमध्ये चालते, शेतमालाच्या कंपनीत चालते. पदाचं नाव दरवेळी वेगळं असेल: ॲनालिस्ट, असोसिएट, क्रेडिट ऑफिसर. जाहिरात शोधताना ‘इकॉनॉमिक्स’ शब्द टाकून शोधलंत तर यातली निम्मी कामं दिसणारच नाहीत.

एफवायला असाल तर या आठवड्यात मायनर आणि ओपन इलेक्टिव्हची यादी ऑफिसातून मागून घ्या, तारीख निघून गेली की बदल करून मिळवणं अवघड असतं. एसवायला असाल तर प्रोजेक्टचा विषय गुगल फॉर्मच्या बाहेर शोधा. टीवायला असाल आणि वर्षअखेर जवळ आली असेल, तर सीयूईटी-पीजी, जॅम आणि सीईटी सेलच्या एलएलबी, एमबीएच्या तारखा आजच कॅलेंडरवर टाका. जॅम साधारण फेब्रुवारीत होते आणि तिचे अर्ज त्याच्या काही महिने आधी, सणासुदीच्या गडबडीत, भरून संपलेले असतात.